भरतीचे ठिकाण म्हणजे जन्मगाव नव्हे : गावोगावच्या सैनिकयाद्या करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आपापल्या गावच्या जुन्या सैनिकांच्या याद्या करणाऱ्या गोव्यातील ग्रामपंचायती, वाचनालये, शाळा आणि मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात गेलेले, पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या पलटणींत चाकरी केलेले आणि १९६१ नंतर भारतीय सैन्यात भरती झालेले गावकरी एका यादीत आणायचे, हे काम व्हायलाच हवे होते. आमची हरकत एका रकान्यापुरती आहे. यादीत ‘जन्मगाव’ असा एकच रकाना आखतात आणि हाती येईल त्या कागदावरचे ठिकाण त्यात भरतात. त्या यादीवरून तालुकावार आकडे निघतात, फलक होतो, नाव दगडावर कोरले जाते. एकदा कोरलेले नाव खोडायला पुन्हा कोणी छिन्नी घेऊन जात नाही. म्हणून दगड आणण्याआधीच हे पत्र.

आधी कागद कसा तयार होई ते पाहू. हिंदुस्थानी सैन्यात शिपायाचा मूळ कागद म्हणजे शीट रोल. त्यात नाव, बापाचे नाव, जात किंवा ‘क्लास’, गाव, टपालकचेरी, तालुका, जिल्हा, अंदाजे वय, उंची, अंगावरच्या खुणा आणि जवळचा वारस लिहीत. हे भरणारा कारकून जन्माचा दाखला मागत नसे. तो विचारी, ‘गाव कुठले?’ या प्रश्नाला आपला माणूस आजही जे उत्तर देतो तेच तेव्हाही देई, म्हणजे बापाचे गाव, कुळाचे गाव, देव जिथे आहे ते गाव. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत लक्षात घेतली तर पहिलटकरणीचा मुलगा बहुधा आजोळी जन्मलेला असणार. त्याच्या शीट रोलवर आजोळचे नाव सापडण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. तेव्हा तो रकाना खरा असला तरी तो जन्माचा नाही. तो ‘मूळ गाव’ सांगतो, आणि यादीत त्याला तेच नाव द्यायला हवे.

एका माणसाच्या कागदांत किमान पाच ठिकाणे येऊ शकतात: जन्माचे, मूळ गावाचे, भरतीच्या वेळच्या राहण्याचे, भरती जिथे झाली ते आणि वारसाच्या पत्त्याचे. सहावे म्हणजे पेन्शन जिथून मिळे ते. कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाच्या (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत ‘अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा’ असे येते तेव्हा ते गाव बहुतेक वेळा मृत्यूची माहिती कळवताना आईबाप किंवा बायको जिथे होती ते असते. विधवा माहेरी परतली असेल तर तो पत्ता तिच्या माहेरचा. एका कागदावर साखळी, दुसऱ्यावर बांदा आणि तिसऱ्यावर बेळगाव दिसले की आपण एक खरे आणि दोन खोटी ठरवायला बसतो. तिन्ही खरी असू शकतात, कारण तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

भरतीच्या ठिकाणाचा घोळ गोव्यात सर्वांत मोठा, आणि त्याचे कारण सरहद्द. पेडणे, डिचोली, सत्तरीतला तरुण पलटणीत जायचा तो सावंतवाडी, वेंगुर्ले किंवा बेळगावात. सासष्टीकडचा मुरगाव रेल्वेने कॅसलरॉक, लोंढा करत बेळगावला किंवा पुढे पुण्याला. ही रेल्वे १८८८ पासून होती, त्यामुळे पहिल्या महायुद्धात तो मार्ग रुळलेला होता. भरती गोव्याबाहेर झाली म्हणून ‘एनलिस्टेड अॅट बेळगाव’ अशी नोंद पडली. आज ती वाचणारा माणूस त्याला बेळगावकर ठरवतो आणि बेळगावच्या यादीत टाकतो. याच्या उलटही घडते. बेळगावात भरती झालेले सगळे ‘राणेंच्या मुलुखातले’, म्हणजे सत्तरीतले, अशी गावात समजूत असते आणि खानापूरचा माणूस सत्तरीच्या फलकावर चढतो.

त्यातच ‘क्लास’चा रकाना. १९१४ च्या सुमारास मराठा पलटणींत दख्खनी मराठे, कोकणी मराठे आणि दख्खनी मुसलमान अशा वर्गवारीने कंपन्या भरल्या जात. गोव्यातून गेलेला मराठा ‘कोकणी मराठा’ या खणात बसे, आणि त्या खणाचा नेहमीचा जिल्हा रत्नागिरी. पोर्तुगीज प्रजाजन म्हणून पुढचे प्रश्न ओढवून घेण्यापेक्षा सरहद्दीपलीकडचे नातेवाइकाचे गाव सांगणे उमेदवाराला सोपे, आणि सवयीचा जिल्हा लिहिणे कारकुनाला सोपे. दोघांच्याही सोयीतून आलेली नोंद पुराव्यासारखी वापरायची असेल तर तिला दुसरा आधार लागतो.

जिल्ह्यांची नावे आजच्या नकाशावर ठेवून पाहू नका. सावंतवाडी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात नव्हती, ते संस्थान होते. ते १९४८ मध्ये विलीन झाले. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ चा. म्हणजे १९४२ च्या कागदावर ‘जिल्हा रत्नागिरी, तालुका वेंगुर्ला’ हे बरोबर आहे, आणि त्या जागी ‘सिंधुदुर्ग’ लिहिणाऱ्याने दुरुस्ती केलेली नाही, मूळ पुसले आहे. बेळगाव आणि कारवार १९५६ पर्यंत मुंबईच्या राज्यकारभारात होते. गोव्यातही तेच: १९६२ ते १९८७ मधल्या कागदांवर ‘गोवा, दमण आणि दीव’ येते, आणि उत्तर व दक्षिण असे दोन जिल्हे ३० मे १९८७ पासूनचे. धारबांदोडा तालुका तर अलीकडे सांग्यातून वेगळा निघाला. सांगे तालुक्यातले कुर्डी गाव साळावली धरणात बुडाले, लोक दुसरीकडे वसवले गेले. कुर्डीच्या माणसाचे गाव ‘वाडे’ किंवा ‘वालकिणी’ लिहिणे म्हणजे तो मेल्यावर झालेले पुनर्वसन त्याच्या जन्मावर लादणे.

आता गावांच्या नावांकडे या. इथे थोडे रेंगाळावेच लागेल, कारण निम्म्या चुका इथल्याच असतात. पोर्तुगीज लेखनात ‘क्वेरी’सारखे जे दिसते ते आपले केरी. पण कुठले केरी? पेडण्यात तेरेखोलच्या मुखावर एक, सत्तरीत एक, फोंड्यात एक. तालुका नसेल तर तिन्ही उघडी ठेवा. करमळी तिसवाडीतली, आणि सत्तरीत ब्रह्मकरमळी आहे. शिरगाव डिचोलीत आहे आणि घाटाखाली कोकणभर शिरगावांची रांग आहे. ‘बांदोरा’ हे फोंड्याचे बांदोडे असू शकते किंवा मुंबईचे वांद्रे, कारण वांद्र्याचे जुने इंग्रजी लेखनही तेच होते. मुंबईत भरती झालेल्या माणसापुढे ‘बांदोरा’ दिसले की नीट थांबा.

‘गोवा’ हा शब्द तर सर्वांत फसवा. ‘वेल्हा गोवा’ म्हणजे जुने गोवे, सेंट झेवियरच्या चर्चचे. ‘गोवा वेल्हा’ म्हणजे आगशीकडचे वेगळे गाव. ‘नोवा गोवा’ म्हणजे १८४३ पासूनची पणजी. आणि नुसते ‘गोवा’ म्हणजे बहुतेक वेळा काहीच नाही: नैरोबी, मोंबासा किंवा कराचीतल्या कारकुनाने पोर्तुगीज हिंदुस्थानातून आलेल्या माणसापुढे टाकलेला एक शिक्का. संगणकावर नकाशा करताना मात्र हे सगळे ‘गोवा’ पणजीच्या एका टिंबावर जाऊन बसतात आणि पणजी हे सैनिकांचे माहेरघर ठरते. ‘गोवा, गाव अज्ञात’ असा वेगळा गट ठेवा आणि त्याला टिंब देऊ नका.

जुन्या महालांची नावेही ओळखीची हवीत. भतग्राम म्हणजे डिचोलीकडचा भाग, अंत्रूज म्हणजे फोंडा. हेमाडबार्से आणि अष्टागर सांगे-केप्याच्या बाजूला. कागदावर एवढेच असेल तर यादीतही तेवढेच लिहावे. त्यातून गाव काढायचा मोह होतो, पण महाल म्हणजे गाव नव्हे.

पोर्तुगीज लष्करी पुस्तकांची अडचण वेगळ्या जातीची. तिथे जन्मस्थानाचा रकाना स्पष्ट असतो आणि फ्रेगेझिया, मग कोंसेल्यू (म्हणजे तालुका) अशी रचना असते. वाचताना फार खात्रीचे वाटते. पण फ्रेगेझिया हे मूळ चर्चच्या क्षेत्राचे एकक. एका फ्रेगेझियात दोन-तीन गावे येत, आणि म्हापशातल्या हिंदू माणसापुढेही संताच्या नावाची फ्रेगेझिया लिहिली जाई. नव्या काबिजादींत (पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या पेडणे, सत्तरी, फोंडा अशा भागांत) तर कित्येकदा नुसता प्रांत. हिंदूंच्या बाबतीत त्या रकान्याची पडताळणी करायला बाप्तिस्म्याची पुस्तके नाहीत. ख्रिस्ती सैनिकाचा जन्म चर्चच्या वहीतून तारखेसह काढता येतो. हिंदू सैनिकासाठी सर्वांना लागू असलेली नागरी नोंदणी १९१४ पासून धरावी. म्हणजे पहिल्या महायुद्धात लढलेल्या कुठल्याही हिंदू गोवेकराचा जन्म त्या नोंदणीआधीचाच. याचा परिणाम यादीवर असा होतो की ख्रिस्ती नावांपुढे पक्की गावे आणि हिंदू नावांपुढे रिकामे रकाने दिसतात. ते गावागावांतल्या शौर्याचे प्रमाण नव्हे, वह्यांचे प्रमाण आहे.

गोव्यातल्या देशी फौजेविषयी दोन तारखा ध्यानात असू द्या. त्या फौजेच्याच बंडानंतर १८७१ मध्ये तिथले जुने सैन्य मोडले गेले, आणि १८९५ मध्ये मोझांबिकला जायच्या हुकुमावरून मराठा शिपायांनी बंड केले, राणे त्यांना मिळाले. त्या काळच्या याद्यांत एखादा माणूस फरारी म्हणून दिसला आणि काही वर्षांनी त्याच नावाचा कोणी ब्रिटिश पलटणीत दिसला, तर तो एकच असे लगेच जोडू नका. नाव, बापाचे नाव आणि गाव अशी तिन्ही जुळली तरी ‘संभाव्य’ म्हणा. एका वाडीत रामा बिन विठू किती असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

नावांच्या बाबतीत एवढेच सांगतो की शोध एका स्पेलिंगने कधीच पुरा होत नाही. पोर्तुगीज कागदात ‘श’ साठी एक्स येतो, कामत ‘कामोती’सारखा दिसतो, प्रभू ‘पोरोब’सारखा. तोच माणूस इंग्रजी कागदात मराठी कानाने ऐकलेला आणि इंग्रजी हाताने लिहिलेला. ‘ळ’ आणि ‘ण’ दोन्हीकडे हरवतात. गावाच्या नावालाही हेच लागू.

वय. शीट रोलवरचे वय डॉक्टरने पाहून ठरवलेले ‘दिसणारे वय’ असते. भरतीच्या वर्षातून ते वजा करून जन्मवर्ष काढतात आणि मग ते ‘जन्म १८९६’ असे फलकावर जाते. १९१६ मध्ये ‘वय २०’ याचा अर्थ ‘जन्म अंदाजे १८९२ ते १८९९’ असा लिहावा. लहान मुले वय वाढवून सांगत, थोराड पुरुष कमी करून. १ जानेवारी आणि १ जुलै या जन्मतारखा ढिगाने दिसल्या तर त्या कारकुनाच्या समजा. भरतीची तारीखसुद्धा एकच नसते: नाव दाखल झाल्याची एक, चाचणीचा काळ संपून शपथ झाल्याची दुसरी. दोन कागदांत काही महिन्यांचा फरक दिसला तर तो बहुधा याचाच असतो.

सगळेच बंदूकधारी नव्हते, हे गोव्याच्या यादीत विशेष. स्वयंपाकी, मेसचे वाढपी, बॅंडवाले, खेचरे हाकणारे, मजूर पथके. ‘फॉलोअर’ म्हणून नोंदलेल्या या लोकांचे कागद शिपायापेक्षा त्रोटक. घरात पहिल्या महायुद्धाचे युद्धपदक चांदीचे नसून कांस्याचे निघाले तर ते नकली समजून वाटेला लावू नका. मजूर आणि तत्सम पथकांना ते कांस्याचे देत. पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पथक कोरलेले असते, गाव नसते. हा क्रमांक सोन्याहून मोलाचा, पण एकटा पुरत नाही. १९२२ च्या फेररचनेआधी प्रत्येक पलटण आपले क्रमांक आपण देई, त्यामुळे तोच क्रमांक १०३ व्या, ११० व्या आणि ११७ व्या मराठ्यांत तीन वेगळ्या माणसांचा असू शकतो. क्रमांक आणि पलटण जोडीनेच उतरवा.

तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणाऱ्या, लोकांचे आणखी निराळे. त्यांची भरती मुंबईत, पत्ता मुंबईतला. ख्रिस्ती गोवेकर खलाशी धोबीतलावाकडच्या गावकऱ्यांच्या कुडीत (एका गावच्या लोकांच्या सामाईक बिऱ्हाडात) उतरत, आणि इथे एक उपयोगाची गोष्ट हाती लागते: कूड गावाची असे, म्हणून तिचे नाव गावाचा माग देते. हिंदू गोवेकराचा गिरगावातला पत्ता असे काही सांगत नाही. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. गोव्यातल्या याद्या करताना ते बहुतेक विसरले जाते.

आता मृतांच्या याद्यांबद्दल, कारण सगळ्यांचा ओढा तिकडेच असतो. त्या सहज मिळतात. पण पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक लोक परदेशी गेले, आणि मृत्यू सुमारे ७४ हजार. जिवंत परतलेला बहुसंख्य माणूस या यादीत नाही. शिवाय एखाद्या गावचे मृत्यू किती हे ते गाव कोणत्या पलटणीत गेले यावर ठरते. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुतच्या वेढ्यात होती, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडल्यावर कैदेतही बरेच मेले. त्या पलटणींत मुले गेलेल्या वाडीत दहा नावे, हिंदुस्थानातच राहिलेल्या तुकडीत मुले गेलेल्या वाडीत एकही नाही. यावरून ‘कुठल्या गावाने जास्त सैनिक दिले’ असे कोष्टक काढू नये. बसरा स्मारकावर हिंदी शिपायांची नावे दगडावर नाहीत, ती नोंदवहीत आहेत. तिथल्या भिंतीचा फोटो पाहून नाव नाही असे ठरवू नका. आणखी एक: १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमध्ये पहिल्या महायुद्धाचे सैनिकी कागद जळाले हे खरे, पण ते ब्रिटिश सैन्याचे. आपल्या शिपायाचा शीट रोल तिथे नव्हताच. ही सबब सांगून शोध सोडू नये. पंजाबात युद्धानंतर गाववार नोंदवह्या झाल्या आणि त्या लाहोरच्या संग्रहालयात टिकल्या, म्हणून तिथले गावागावांचे आकडे निघाले. तसे काही गोव्यात हाती नसताना तितक्या आत्मविश्वासाचे आकडे देणे योग्य नाही.

काम कसे करावे? वही किंवा स्प्रेडशीट काहीही घ्या, पण माणसाला एक ओळ देऊ नका. प्रत्येक कागदाला एक ओळ द्या. त्या ओळीत कागदाचा प्रकार, त्याची तारीख, आणि ठिकाण जसे लिहिले आहे तसे, चुकीच्या स्पेलिंगसकट. शेजारच्या रकान्यात ते ठिकाण कशाचे आहे ते: जन्म, मूळ गाव, राहणे, भरती, वारस, पेन्शन. त्याच्या पुढे तुम्ही लावलेला अर्थ, म्हणजे आजचे गाव आणि तालुका, आणि तो कोणी लावला. मूळ मजकूर कधीही बदलायचा नाही, अर्थ कितीदाही बदलता येतो. हस्ताक्षर दोघांनी स्वतंत्र वाचावे आणि मगच ताडून पाहावे. एकाने मोठ्याने वाचून दुसऱ्याने लिहिले तर दोघे एकच चूक करतात. कागदाचा फोटो त्या ओळीशी जोडून ठेवा.

यासोबत गावांचे एक कोष्टक करा: मराठी नाव, पोर्तुगीज लेखन, इंग्रजी लेखने, तालुका, आणि त्याच नावाची दुसरी गावे. एका तालुक्याचे कोष्टक सुरुवातीला पुरे. हे आधी झाले तर पुढचे अर्धे वाद उठतच नाहीत.

जन्मगाव ‘निश्चित’ म्हणायला एकमेकांवरून नक्कल न केलेले दोन कागद लागतात. पलटणीची मृतांची यादी आणि युद्धस्मशान आयोगाची नोंद हे दोन पुरावे नव्हेत, कारण दुसरी पहिलीवरून झालेली असते. चर्चची वही आणि शीट रोल हे दोन. गावकारीच्या (गावच्या मूळ कुळांच्या संस्थेच्या) वहीत नाव असणे हा कुळाचा पुरावा आहे, जन्माचा नाही. मुंबईत जन्मलेला गावकरही गावकरच. घरातली सांगोवांगी घ्यावी, पण कोणी, कधी सांगितली ते लिहून, वेगळ्या ओळीत.

नमुन्यादाखल एक काल्पनिक नोंद घेऊ: ‘रामा गावस, कोकणी मराठा, गाव केरी, जिल्हा रत्नागिरी, भरती बेळगाव १९१६, वय २०’. आधी रत्नागिरी जिल्ह्यात आणि सावंतवाडी संस्थानात केरी नावाचे गाव होते का ते जुन्या नकाशात पाहा. मग गोव्यातल्या तिन्ही केरींत गावसांची घरे कुठे ते. सत्तरीत सापडली तरी यादीत ‘मूळ गाव: केरी (संभाव्य सत्तरी), जन्मगाव: अज्ञात, भरती: बेळगाव’ एवढेच जाईल. पुढे वारसाचा पत्ता किंवा बापाचे नाव हाती आले तर ‘संभाव्य’ काढता येईल.

मराठा पलटणीच्या माणसासाठी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिताना क्रमांक, हुद्दा, नाव, बापाचे नाव, पलटण आणि सेवेची अंदाजे वर्षे द्या, आणि ‘जन्मस्थान कळवावे’ असे विचारू नका. तसे विचारले की समोरचा कारकून शीट रोलवरचे गाव ‘जन्मस्थान’ म्हणून लिहून पाठवतो आणि तुमच्या हाती शिक्क्यासह चूक येते. ‘शीट रोलवर नमूद सर्व ठिकाणांचा, रकान्यांच्या नावांसह उतारा मिळावा’ असे लिहा. नातेवाईक असाल तर नात्याचा पुरावा जोडा. पेन्शन बंद झालेल्या जुन्या सैनिकाचे कागद मुदतीनंतर नष्ट केलेले असू शकतात. तसे उत्तर आले तर तेही पत्र फाइलला लावा, म्हणजे पुढच्या माणसाला तीच वाट पुन्हा चालायला नको.

फलक लावायचाच असेल तर नाव, पथक, क्रमांक आणि सेवेची वर्षे कोरा. गाव निश्चित नसेल तर गाव कोरू नका. फलक गावातच आहे. ज्यांच्या नावांवर तीन केरींपैकी दोघांचा दावा आहे, त्यांची नावे दोन्हीकडे येऊ द्यात, फक्त दोन्ही पंचायतींनी एकमेकांना आपली कागदांची ओळ पाठवावी.

आपले,
जुन्या लष्करी नोंदी वाचणारे काही जण, गोवा